टिनाच्या खोलीतली बाळंतीण

रक्ताची मला कधी किळस आली नाही. बाळंतपणात काय काय होतं ते कोणी मोकळेपणानं सांगत नाही. कळ देताना आईची शी होते, पाणी फुटून आपल्या पायावर येतं, एखादं बाळ पोटातच हिरवी शी करून त्यात माखून बाहेर पडतं. सोळा वर्षं नर्स म्हणून मी हे सगळं पुसत आले आणि हात धुऊन डबाही खाल्ला. शिकाऊ मुली पहिल्याच बाळंतपणाला तोंडावर रुमाल धरून बाहेर पळतात, तेव्हा मी त्यांना पाणी देते आणि हसते.

पण एका वासानं माझं जेवण तुटलं. तो वास एका बाईच्या अंगाला येत होता, आणि तो तिच्या अंगात आम्ही ठेवलेला होता.

आमचं आरोग्य केंद्र वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या बाजूला आहे. एका अंगाला तांडे, दुसऱ्या अंगाला विहिरीच्या पाण्यावरचे भाजीचे मळे. माझं माहेर जऊळक्याकडचं. तिथंही आमचा असाच मळा होता, त्यामुळे मळ्यातल्या बाया मला लवकर आपलं म्हणतात. ते पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस होते. निम्मा स्टाफ यात्रेतल्या पथकावर गेला होता, डॉक्टरही तिकडेच. बाळंतपणाच्या खोलीत इन्चार्ज सिस्टर आणि मी, दोघीच.

इन्चार्ज सिस्टरचा हात मोठा सफाईचा. पायाळू बाळ त्यांनी शांतपणे सोडवलेलं मी पाहिलं आहे, टाके घालायला मला त्यांनीच शिकवलं. तोंड मात्र ऐकवत नसे. कळा देणाऱ्या बाईला त्या म्हणायच्या, "करताना बरं वाटलं ना वं? मंग आता कायले बोंबलून राह्यली?" नोकरीच्या पहिल्या वर्षी हे ऐकलं तेव्हा मला किळस आली होती. पुढे सवय झाली. सवय झाली हे लिहितानाही कसंतरी होतं. मी स्वतः तसं कधी बोलले नाही, पण त्या बोलत असताना एकदाही मधे पडले नाही. माझ्या हाताला तेव्हा काहीतरी काम असायचंच. सुई भरायची असायची, नाहीतर बाळाचे कपडे मांडायचे असायचे.

त्या दिवशी आलेली पोरगी एकवीस वर्षांची होती, पहिलटकरीण. नवऱ्याकडचा भाजीचा मळा होता. सासू बाहेर बाकावर बसली होती, हाताच्या बोटांवर भेंडी तोडून तोडून काळे डाग पडलेले. पोरीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"ताई, मले सोडून नोका जाऊ."

"अठीच हाय मी," मी म्हटलं.

जोर द्यायच्या वेळी तिनं मांड्या आवळल्या, तशी इन्चार्ज सिस्टरनी फाडकन मांडीवर मारली. पाच बोटं उठली. मी त्या बोटांकडे पाहिलं आणि नजर घड्याळाकडे वळवली, कारण बाळ जन्मल्याची वेळ लिहायची होती.

मुलगी झाली. लगेच रडली. मी तिला उबेच्या टेबलावर घेतलं. बाळाच्या तपासणीत मी घाई करत नाही, कोणी करायला लावली तरी. पूर्ण उघडं करायचं. टाळू बोटानं पाहायची, तोंडात बोट घालून टाळा चिरलेला नाही ना ते पाहायचं, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. नाळ, कमरेचे सांधे, पाठीचा कणा, शी-शूच्या जागा. पोरगी दोन किलो आठशे भरली, अंगानं गुलाबी, पाय झाडत होती. तिच्या कागदावरची एकेक ओळ मी पाहून भरली.

तिकडे इन्चार्ज सिस्टर आईला टाके घालत होत्या. टाके घालताना वरून रक्त उतरतं आणि जागा दिसत नाही, म्हणून आत गॉजची एक घडी ठेवतात. जाळीदार पांढऱ्या कापडाची घडी. टाके झाले की ती काढायची, वापरलेल्या सगळ्या घड्या मोजायच्या आणि मग आईच्या कागदावर ‘गॉज मोजले’ यापुढे ‘होय’ लिहायचं. मोजायचं काम माझं होतं.

तेवढ्यात तांड्यावरून जीपमध्ये दुसरी बाई आली. बाळाचं डोकं दिसत होतं. इन्चार्ज सिस्टरनी शेवटची गाठ मारली आणि हातमोजे ओढत तिकडे धावल्या. मीही धावले. ते बाळंतपण झालं, फरशी धुतली, चहा आला. चहा पिता पिता मी पहिलीचा कागद ओढला आणि ‘होय’ लिहून खाली सही केली. मोजलं नव्हतं. रक्तानं भरलेल्या सगळ्या घड्या तोवर बादलीत गेल्या होत्या. त्या बादलीत हात कोण घालणार?

दोन दिवसांनी ती घरी गेली.

नवव्या दिवशी मी आशाताईबरोबर मळ्यात बाळ पाहायला गेले. आशाताई त्याच गावची, घरोघरी फिरून बाळ-बाळंतिणींची नोंद ठेवणारी. सातव्या दिवशी ती एकटीच येऊन गेली होती. वाटेत ती म्हणाली, "मॅडम, मले तवा बाळंतिणीले भेटूच नाई दिलं. झोपली हाय म्हणे."

सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन चटके देत होतं. सासू ओसरीत बसून बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. बाळ तिच्या मागे झोळीत होतं. मी झोळीत हात घातला आणि हातालाच कळलं. अंग तापलेलं, आणि नऊ दिवसांच्या बाळाला जो मऊपणा असतो तो कुठेच नाही.

मी बाळाला बाजेवर उघडं केलं. टाळू वाटीसारखी खोल गेलेली. तोंडात बोट घातलं तर जीभ कोरडी, चोखायला जोरच नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू बसली. वजनाच्या झोळीत काटा दोन किलो चारशेवर थांबला. उशाशी दुधाची बाटली होती. तिचं रबराचं बोंड चिकट, आत घट्ट पिवळी साय बसलेली, वर माश्या. मी ती नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली.

"मावशी, हे काय पाजून राह्यल्या?"

"गाईचं दूध. पाणी घालून देतो."

"आईचं काहून नाई?"

सासूनं जुडी बांधायची थांबवली नाही. "तिच्या दुधाले वास येते."

"दुधाले?"

"दुधाले म्हणा, अंगाले म्हणा. लय घाण वास येते, बाई. पयले वाटलं उंदीर मेला असन. सगया क्रेटा उचलून पाह्यल्या. मंग समजलं का हिचाच वास हाय. पाच दिवस झाले, लेकरू नाई देलं तिच्याजवय."

"सून कुठं हाय?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. मळ्याच्या कडेला भाजीच्या क्रेटा ठेवायची टिनाची खोली होती. तिथवर जायला वीस पावलं लागली. दहाव्या पावलाला आशाताईनं पदर नाकाला लावला, दाराशी पोचल्यावर मीही लावला.

सडलेलं मांस मी पाहिलं आहे, पिकलेल्या जखमा धुतल्या आहेत. पण त्या तापलेल्या टिनाखाली तो वास अंगावर येऊन बसायचा. जिभेवर लागायचा. आत बाजेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाली चटईचा तुकडा, बाजूला पाण्याची बादली आणि साबणाची वडी. आमची चाहूल लागली तशी तिनं गुडघे पोटाशी घेतले.

"जवय नोका येऊ, ताई," ती म्हणाली. "मी सडली."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप होता. लुगड्याचे तुकडे ती दिवसातून सहा-सहा वेळा धूत होती. साबण लावून लावून मांड्यांची कातडी सोलली होती. दूध दाटून छाती दगडासारखी झालेली, पोलकं ओलं. मी विचारलं, "घरी कोणाले सांगतलं नाई का, की त्रास होते म्हणून?"

"यायले सांगतलं," ती म्हणाली. यायले म्हणजे नवऱ्याला. "थे म्हणे, कोणाजवय गेलती? असा रोग घरातल्या बाईले होत नाई म्हणे."

हे ती रडत सांगत नव्हती. आमच्याकडे पाठ करून, भिंतीला सांगत होती. मला त्या नवऱ्याची शिसारी आली. ओसरीत सांबार बांधणाऱ्या सासूची आली. आणि मग एकदम त्या वासाची ओळख पटली. टाके घातलेल्या बाईला आठवड्याच्या आत असा वास येऊ लागला तर त्याचं एक कारण आम्हाला शिकवलेलं असतं. मला लेबर रूम आठवली, जीप आठवली, चहाचा कप आठवला.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही, बाळाचाही आला नाही. पहिला विचार आला की त्या कागदावर सही माझी आहे. समोर एक बाई स्वतःला सडलेली समजून भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी सहीचा विचार करत होते. त्या खोलीत सगळ्यात घाण काय होतं ते मला तेव्हा कळलं.

मी गाडी बोलावली. सासू बाळाला घेऊन पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मागे मी आणि ती. ड्रायव्हरनं वळून वळून पाहिलं आणि सगळ्या काचा खाली केल्या. ती पूर्ण रस्ता डोळे मिटून होती. मी तिचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला.

डॉक्टर त्या दिवशी बैठकीला गेले होते, केंद्रात यायला त्यांना तासभर लागणार होता. मी फोनवर त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दिसत असेल आणि सहज निघत असेल तर काढ, मी निघतोच. टेबलावर घेतल्यावर तिच्या मांड्या आवळल्या गेल्या. मागच्या खेपेला त्याच टेबलावर तिला मार बसला होता. मी म्हटलं, "कोणी हात नाई लावणार. तू म्हणशीन तवाच करतो." बऱ्याच वेळानं तिनं होकारार्थी मान हलवली.

घडी दिसत होती. चिमट्यात धरून मी ती हळूहळू ओढली. काळपट हिरवी झाली होती, पू आणि जुन्या रक्तानं जड. पूर्ण बाहेर आली तेव्हा पडद्यामागे उभी असलेली आशाताई बाहेर जाऊन ओकली. मी ती ट्रेमध्ये ठेवली, जागा धुतली, आणखी काही राहिलं नाही ना ते दोनदा पाहिलं. माझेही डोळे पाण्यानं भरले होते, पण ते रडणं नव्हतं, वासानं आलेलं पाणी होतं.

इन्चार्ज सिस्टर आत आल्या, ट्रे पाहिला आणि दार लावून घेतलं.

"तिनंच घातला असन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घालतात ह्या बाया कपडे. तसंच लिही."

"सिस्टर, हा गॉज हाय."

"मले दिसते काय हाय थे. तुही पण सही हाय त्या कागदावर, इसरू नको. कोण इचारणार हाय? तिले थोडी कळते गॉज का लुगडं?"

ती तिथंच होती, टेबलावर, आमच्यापासून दोन हातांवर. सगळं ऐकत होती. इन्चार्ज सिस्टरना तिच्याकडे पाहावंसंही वाटलं नाही. आतापर्यंत या बाईच्या हाताखाली मी इतकी बाळंतपणं केली होती, तिच्या हाताची वाखाणणी चार लोकांत केली होती. त्या क्षणी मला सिस्टरच्या तोंडाकडे पाहवेना. आणि तरीही मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. मनात हिशेब चालू होता की असं लिहिलं तर काय होईल आणि तसं लिहिलं तर काय होईल. तो हिशेब मला आजही गिळवत नाही.

दारावर सासूनं थाप मारली. "काय निंगालं वं बाई? सांगा ना!"

मी हातमोजे काढले आणि दार उघडलं.

"आमचा कपडा निंगाला, मावशी," मी म्हटलं. "टाके घालताना आत ठेवलेला. काढायचा आमीच इसरलो. तिची काई चूक नाई. तिले कोणता रोग नाई. तिच्या दुधातही काई खराबी नाई."

मला वाटलं सासू आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्याच होत्या. ती मात्र खालीच बसली, बाळासकट, फरशीवर.

"मंग म्या लेकरू कायले तोडलं तिच्यापासून?" ती म्हणाली. मला नाही, बाळाला.

मी बाळ तिच्याकडून घेतलं आणि आईच्या छातीवर ठेवलं, उघडं, कातडीला कातडी लावून. बाळाला ओढायची ताकद नव्हती. मी छाती शेकून हातानं दूध काढलं आणि वाटी-चमच्यानं थेंब थेंब पाजलं. तिसऱ्या चमच्याला बाळानं गिळलं. आई वाकून बाळाच्या डोक्याचा वास घेत होती, पुन्हा पुन्हा. मग मला विचारलं, "माह्या अंगाचा वास लागन का हिले?"

"नाई लागत," मी म्हटलं.

नवरा मोटारसायकलवर आला. डॉक्टरही आले होते, पण सासू मला म्हणाली, "तुमीच सांगा त्याले. माह्या तोंडून त्याले पटणार नाई." मी व्हरांड्यात त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. त्यानं तोंडाला बांधलेला रुमाल ऐकतानाही सोडला नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "मंग आता वास जाईन ना?"

ती कशी आहे, बाळ कसं आहे, काही नाही. मी त्याला तिथंच उभं ठेवून आत आले. अजून दोन मिनिटं थांबले असते तर मी काहीतरी बोलून बसले असते.

डॉक्टरांनी मायलेकींना वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिला शिरेतून औषधं लागली, बाळाला सलाईन. सहाव्या दिवशी सुट्टी झाली, आणि ती मळ्यात परतलीच नाही, तिथूनच माहेरी गेली. आशाताईनं सांगितलं की सासूनं तिला अडवलं नाही, उलट बाळाचे सगळे कपडे गाठोड्यात बांधून दिले.

मी कागदावर जे झालं ते लिहिलं होतं, माझ्या सहीसकट. चौकशी आली. दोन साहेब आले, लेबर रूमच्या दाराशी उभे राहिले, आत न येता प्रश्न विचारले. आम्हा दोघींना लेखी ताकीद मिळाली. इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या, "तुले मोठेपणा पायजे होता, भेटला." त्यानंतर बाकीच्या सिस्टर डबा खायला बसल्या की माझ्यासाठी जागा करीनाशा झाल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जेवण तसंही जात नव्हतं. वरणावर तवंग दिसला की मी डबा झाकून ठेवायचे.

एक बदल मात्र झाला. आता घड्या मोजताना मी मोठ्यानं मोजते आणि टेबलावरच्या बाईलाही मोजायला सांगते. इन्चार्ज सिस्टर त्याला नाटक म्हणतात. त्यांनी तोंड सोडलं की आता मी मधे बोलते.

दीड महिन्यानं ती बाळाला लसीसाठी घेऊन आली. अंग भरलं होतं, केसांना तेल होतं. सासूला कुठून कळलं कोण जाणे, ती आधीच येऊन बाकावर बसली होती. नातीकडे हात पुढे केले तर सुनेनं क्षणभर विचार केला आणि बाळ दिलं. नाव पुकारेपर्यंत सासूनं बाळाला मांडीवर ठेवलं.

मायलेकी आत आल्यावर मी सुई भरायला घेतली, तशी ती म्हणाली, "ताई, तुमी नोका देऊ."

मी थांबले.

"तुमी खरं सांगतलं म्हणून माहं घर मले परत बोलावून राह्यलं," ती म्हणाली. "थे मी इसरली नाई. पण तुमाले पाह्यलं का मले थोच वास येते. काय करू? येते."

ती रागानं बोलत नव्हती. माझी माफी मागितल्यासारखीच बोलली. मी सुई दुसऱ्या सिस्टरच्या हाती दिली आणि बाहेर आले. बाळ एकदा जोरात रडलं, मग आईच्या अंगाशी गप्प झालं. थोड्या वेळानं सिस्टरनं आतून वजन सांगितलं, चार किलो शंभर. ती माझ्या बाजूनं बाहेर गेली, बाळ खांद्यावर. फाटकाशी सासू मागे मागे चालत होती आणि विचारत होती, येत्या बाजारी मी येऊ का तुह्या माहेरी पोरीले पाहाले? तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.